स्वच्छ वीज आणि मजुराचा घाम



रात्री-अपरात्री केळीला पाणी द्यायला शेतात जाणे म्हणजे काय, हे चोपडा तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. साप-विंचवाचे भय, बिबट्याची धास्ती, आणि विजेची पाळी नेमकी रात्रीची. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे, महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ सालीच उभा राहिला. त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने कर्ज दिले. या विजेला धूर नाही, राख नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रातून सृष्टीच्या रक्षणाची जी हाक दिली, तिला हे एक चांगले उत्तरच आहे. त्याबद्दल आपण देवाचे आभार मानू या.

पण त्याच विश्वपत्रात पोपमहाशयांनी सृष्टीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा, असे आवर्जून सांगितले आहे. म्हणून आज आम्हांला एक प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. काम चांगले आहे, पैसा जनतेचा आहे. मग ते काम उभारताना मजुराची मजुरी बुडाली, तर ते काम चांगलेच राहते का? अमुक एका प्रकल्पावर अन्याय झाला, असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. आपल्या धर्मग्रामातील आणि सातपुड्याच्या पाड्यांवरील कित्येक घरे अशाच बांधकामांवर पोट भरतात, म्हणून तो आपल्या घरचाही आहे.

संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण येथे उपयोगी पडते. कृती चांगली ठरायला नुसता हेतू चांगला असून भागत नाही. प्रत्यक्ष काय केले आणि कोणत्या परिस्थितीत केले, हेही चांगले असावे लागते. चोरीच्या पैशातून केलेला दानधर्म पुण्याचा होत नाही. तसेच मजुराच्या हक्काचे पैसे कापून उभारलेली वीज हवेला स्वच्छ असेल, पण न्यायाच्या दृष्टीने ती स्वच्छ म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, “मजूर आपल्या मर्जीने आला. त्याला तो रोज मान्य होता. मग अन्याय कसला?” या शंकेचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिले आहे. दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी मैदाने, रस्ते, पूल यांची बांधकामे सरकारी पैशातून चालली होती. मजुराचे किमान वेतन होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ते जमादाराच्या हाती देई आणि जमादार प्रत्येकामागे एक रुपया आपला म्हणून कापून घेई. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने याचिका केली. न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात स्पष्ट केले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करवून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच होय. कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच असते. काम ठेकेदाराकडे सोपवले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, हेही न्यायालयाने बजावले. घरात दाणा नसलेल्या माणसाच्या होकाराला आपण मर्जी म्हणू शकत नाही, हा त्याचा अर्थ.

दुसरी शंका अशी की, जबाबदार नेमके कोण? आपल्या खान्देशात सालदार ठेवणाऱ्या मालकाला सालदाराचे नाव, घर, मुलेबाळे ठाऊक असतात. आजच्या प्रकल्पात तसे नसते. सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्प उभारतो खाजगी विकासक, आर्थिक मदत देते शासन आणि वीज घेते महावितरण. विकासकाच्या खाली ठेकेदार, त्याच्या खाली पोटठेकेदार, मग मुकादम आणि शेवटी खड्डे खोदणारा, खांब रोवणारा मजूर. साखळी लांबली की प्रत्येक जण वरच्याकडे किंवा खालच्याकडे बोट दाखवतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्याचे काम आहे त्या मूळ मालकाने ती द्यावी, असे कायदा सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या, तरी हे तत्त्व कायम आहे. परंतु येथे मूळ मालक कंपनी ठरते आणि पैसा देणारे शासन कागदावर बाजूला राहू शकते.

कायदा जेथे थांबतो, तेथे सदसद्‌विवेकाला थांबता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या विश्वपत्रात प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा फरक केला. मजुराला कामावर ठेवतो तो प्रत्यक्ष मालक. पण ज्यांच्या नियमांमुळे आणि करारांमुळे कामाच्या अटी ठरतात, ते सारे अप्रत्यक्ष मालक. त्यांत राज्यसंस्था प्रथम येते. मात्र सर्वांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, असे होता कामा नये. ज्याच्या हाती अटी लिहिण्याची सत्ता जास्त, त्याच्यावर भार जास्त. निविदा काढणाऱ्याचा भार सर्वांत मोठा. त्यानंतर कंपनी, ठेकेदार, मुकादम. त्यानंतर जमीन भाड्याने देणारा शेतकरी आणि गावची ग्रामसभा. आणि शेवटी, थोडा का होईना, बटण दाबून दिवा लावणारे आपण.

तिसरी शंका खर्चाची आहे. मजुरी पुरेपूर दिली तर प्रकल्प महागेल, वीज कमी जणांना मिळेल, असे म्हणतात. शंका प्रामाणिक आहे. पण कमी दराची निविदा मजुरी कापून भरली असेल, तर ती सवलत जनतेला कोणी दिली? सर्वांत गरीब माणसाने, आणि तीही त्याला न विचारता. किमान वेतनाची अट सर्वांना सारखी लागू केली, तर इमानदार ठेकेदार मागे पडत नाही. उलट तोच टिकतो. सर्वांच्या हितासाठी काहींनी झळ सोसावी असे म्हणताना ते ‘काही’ नेहमी तेच का असतात, हेही विचारले पाहिजे. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांचे स्मरण येथे होते. ऊर्जा प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दाद मागून थकलेल्या या माणसाने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. ते मजूर नव्हते, जमीनमालक होते. तरीही त्यांचे म्हणणे वेळेवर ऐकले गेले नाही. ज्याच्याकडे सातबाराही नाही, त्याचे कोण ऐकणार?

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या २४ व्या अध्यायात आज्ञा आहे की, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी. मग तो आपला भाऊबंद असो की परका. सीमेपलीकडून, मध्य प्रदेशातून आलेला मजूरही त्यात आला.

तेव्हा आपण काय करावे? कामावर जाणाऱ्यांनी आपली हजेरी आणि घेतलेली उचल स्वतःच्या वहीत रोज लिहावी. स्त्री-पुरुषांना सारख्या कामाला सारखी मजुरी हा हक्क आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी पिण्याचे पाणी आणि सावली मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी घेतला जातो. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या मजुराला कल्याणकारी मंडळात नोंद करता येते. हा निधी मजुरांपर्यंत पोहोचत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कडक ताशेरे ओढले होते. ज्यांना अर्ज भरता येत नाही, त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर थांबावे. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी त्यांना मदत करावी. जमीन देणाऱ्यांनी आणि ग्रामसभेत बसणाऱ्यांनी भाड्याच्या रकमेबरोबर मजुरीच्या दराचाही प्रश्न विचारावा. आणि आपल्यात कोणी मुकादम असेल, तर त्याने आठवड्याचा हिशेब त्या आठवड्यातच चुकता करावा.

१ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. १९५५ पासून ख्रिस्तसभा याच दिवशी कामगार संत योसेफ यांचा सण साजरा करते. नाझरेथच्या सुताराच्या घरी प्रभू येशू वाढला. हाताच्या कष्टाची किंमत त्याला ठाऊक होती. आपल्या शेताला दिवसा वीज मिळो, आणि ती उभारणाऱ्याच्या घरी संध्याकाळी त्याची पूर्ण मजुरी पोहोचो, अशी प्रार्थना आपण करू या.