वाचकांची मोजदाद

केळव्याच्या किनाऱ्यावर रविवारीं किती माणसें आलीं हें मोजतां येईल. त्यांतील कितीजणांनीं समुद्र पाहिला, हें सांगतां येणार नाहीं. वाचकांच्या गणतीचें असेंच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे तर गणिताचे प्राध्यापक. आंकड्यांचा अर्थ त्यांना कोणी शिकवावयास नको होता. तरीहि संततिनियमनाचा पुरस्कार करणारें आपलें ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनीं खटले व तोटा सोसून १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. मोठ्या खपाच्या मासिकानें त्यांचें लेखन जसेंच्या तसें छापलें असतें, असें मला वाटत नाहीं. मी मात्र लेख पाठविण्यापूर्वीं मासिकाचा खप विचारतों आणि छापून आल्यावर तो कितीजणांनीं वाचला याची चौकशी करतों. काय पटलें, हें एकालाहि विचारण्याचें धैर्य अद्याप झालेलें नाहीं.