हातातल्या अक्षता

स्वस्थ बसा. हातात चार अक्षता घ्या, श्रावणात कहाणी ऐकताना घेतात तशा. मूठ मिटा, पण आवळू नका. श्वास आपल्या लयीत चालू द्या.

आता एक नाव मनात आणा: सी. ए. किंकेड. हे मुलकी सेवेतले इंग्रज अधिकारी. द. ब. पारसनीसांबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास लिहिला. आज मात्र त्यांचं एक छोटं पुस्तक आठवू या. १९१४ सालचं, ‘डेक्कन नर्सरी टेल्स’. आपल्या वारांच्या, व्रतांच्या कहाण्या त्यांनी त्यात इंग्रजी वाचकांना सांगितल्या. चित्रं धुरंधरांची. आटपाट नगर तिथेही ‘आटपाट’च राहिलं.

थांबा. ‘आटपाट’ हा शब्द मनातल्या मनात म्हणा. हे नगर नकाशावर नाही, तरी तिथली वाट तुम्हाला ठाऊक आहे. कुणी दाखवली? आजीने? आईने? तो आवाज आठवा. घाई नाही.

त्याच पुस्तकात सोमवारची कहाणी आहे. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा होता. दवंडी पिटली, घराघरातलं सगळं दूध देवळात आलं. लेकरं उपाशी, वासरं उपाशी. गाभारा काही भरेना. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरातल्या मुलाबाळांना दूध दिलं, वासरांना पाजलं. उरलेलं खुलभर दूध तिने देवाला वाहिलं. गाभारा भरला.

त्या उरलेल्या दुधापाशी जरा रेंगाळा.

कहाणीसुद्धा अशीच आली. सांगणाऱ्या बायांनी ती आधी घरात वाटली, समोर बसलेल्या पोरींना तृप्त केलं. त्यातली थोडी कागदावर उतरली, परभाषेत गेली. किंकेडांनी ती दूरवर पोचवली, हे ऋण मनात असू द्या. पुस्तकावर त्यांचं नाव आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी ती तोंडी जपली, त्या बायांची नावं कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी चार श्वास गप्प बसा.

आता स्वतःला विचारा: माझ्यापाशी कुणाची कहाणी आहे? ती मी शेवटची कुणाला सांगितली? उत्तर आलं नाही तरी चालेल. घरातलं एक माणूस डोळ्यांसमोर आणा.

मूठ उघडा. अक्षता वाहा. मग उठा, आणि आधी त्या माणसाजवळ जाऊन बसा.