नेम आणि अंतर

बंगळुरूच्या कस्तुरबा मार्गावरील शासकीय वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात मंड्य जिल्ह्यातील आतकूर गावाहून आणलेला एक वीरगळ आहे. काळ इसवी सन ९४९-५०. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याने तक्कोलम येथे चोळ राजादित्याचा पराभव केला, त्या युद्धात मणलेर नावाच्या वीराने पराक्रम गाजवला आणि बक्षीस म्हणून राजाकडचा 'काळि' नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे हा कुत्रा एका दांडग्या रानडुकरावर सोडण्यात आला. दोघे झुंजले आणि दोघेही मेले. दगडावर कुत्रा आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले कोरले आहेत. या दगडाच्या पूजेसाठी जमीन दान दिलेली असून, जो पुजारी पूजा केल्यावाचून जेवेल त्याला त्या कुत्र्याचे पाप लागेल, असा इशाराही लेखात आहे.

कुत्र्याचे पाप म्हणजे नेमके कोणते, हे लेख सांगत नाही. रानडुकराला मारण्याचे, असे मानावे तर ज्याने सोडले त्या धन्याच्या खात्यावर काय जमा होते, हा प्रश्न उभा राहतो. हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखनिकाला तो सुचला नसेल, किंवा सुचूनही त्याने तो दगडावर आणला नसेल. मात्र शिकारीत पाप नावाची काही वस्तू शिल्लक राहते आणि ती कोणाच्या तरी माथी जाते, एवढे त्याला ठाऊक होते.

या वीरगळात नेमाचा प्रश्नच उद्भवत नाही. दात आणि सुळा यांच्यामध्ये अंतर नाही. मारणारा मरणाऱ्याइतकाच उघडा आहे. माणसाने मात्र शस्त्राच्या रूपाने हे अंतर वाढवत नेले. भाल्याने ते दोन हातांवर आणले, धनुष्याने झाडापलीकडे नेले. या वाटेवर आडव्या धनुष्याचे, ज्याला आज आपण क्रॉसबो म्हणतो त्याचे, स्थान विशेष आहे. साध्या धनुष्यात प्रत्यंचेचा ताण धनुर्धराच्या दंडात आणि पाठीत असतो; मन डळमळले की हात डळमळतो आणि बाणात तो कंप उतरतो. क्रॉसबोमध्ये ताण यंत्र सांभाळते. माणसाकडे उरतो तो केवळ निर्णय आणि चाप ओढणारे एक बोट. युरोपात ११३९ साली दुसऱ्या लॅटरन धर्मसभेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध धनुर्धर आणि क्रॉसबोधारी यांचा उपयोग निषिद्ध ठरवला. तो निषेध कोणी फारसा पाळला नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे हे शस्त्र दुर्मीळच. दक्षिण भारतातील क्रॉसबोंविषयी जेम्स हॉर्नेल यांनी १९२४ साली लिहिले, तेव्हा अभ्यासकांना त्याचे नवल वाटण्याजोगी स्थिती होती.

आता प्रश्न असा की, शिकार करावयाचीच असेल तर अचूक शस्त्र निवडणे हे नैतिक कृत्य आहे काय? अहिंसेच्या बाजूने पाहणारा म्हणेल, जे कृत्यच मुळात अयोग्य, त्यात नेमके असण्याने काय साधते? हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच मला अपुरे वाटते. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचा उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला होता आणि खालचा थेट हाडापर्यंत गेलेला होता. ही जुन्या गोळीची इजा असून त्यामुळेच ती नेहमीचे भक्ष्य मारू शकत नव्हती, असे त्यांचे निदान होते. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले. कोणा एकाने कोठेतरी नेम न साधता चाप ओढला, वाघीण पडली नाही म्हणून तो चुकचुकला असेल आणि घरी गेला असेल. त्याच्या त्या अर्ध्यामुर्ध्या नेमाचे मोल कुमाऊँ आणि नेपाळमधील खेड्यांनी चुकते केले. बंगळुरूचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन यांच्या पिढीत जखमी जनावर मागे सोडून येणे हा शिकाऱ्याचा सर्वांत मोठा दोष मानला जाई, तो उगीच नव्हे. तेव्हा अचूकतेचे ऋण मान्य केले पाहिजे. ज्याचा जीव घ्यायचा त्याला निदान वेदना लांबवून न देणे, हे ते ऋण.

परंतु ही अचूकता राहते कोठे? ती शस्त्रात असते, असे विकणारा सांगतो आणि घेणाऱ्यालाही ते ऐकायला आवडते. काही अंशी ते खरेही आहे. प्रत्यंचा दोन्ही बाजूंनी सारखी ओढली गेली नाही तर बाण डावीउजवीकडे सरकतो, म्हणून दोन मुठींची दोरी वापरून ती ओढतात. सगळे बाण एका वजनाचे लागतात. चाप जड असेल तर ओढताना सगळे शस्त्र हलते. या गोष्टी जमल्या की लक्ष्यफलकावर एकाशेजारी एक छिद्रे पडतात. फलक मात्र जागचा हलत नाही. हरिणाचे तसे नाही. अलीकडच्या जोरकस क्रॉसबोचा बाण सेकंदाला सुमारे १२० मीटर जातो, तर ध्वनी सुमारे ३४० मीटर. म्हणजे चाळीस मीटरांवरील हरिणापर्यंत प्रत्यंचेचा आवाज बाणाच्या आधी, सेकंदाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याने आधी, पोहोचतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडते, त्याचे अंग खाली जाते आणि काळजाकडे निघालेला बाण पाठीत घुसतो. नेम बरोबर होता, शस्त्र निर्दोष होते. मधल्या क्षणात हरिणानेही काही ठरवले होते. त्यातून बाण ठोसा देऊन पाडत नाही, तो रक्तस्रावाने मारतो. अगदी बिनचूक बाण लागलेले जनावरही पळते आणि मारणाऱ्याला रक्ताचा माग काढत चालावे लागते. शस्त्राची अचूकता ज्या गणितात बसते, त्यात भक्ष्याला स्वतःची हालचाल नाही. हे गणित खोटे आहे असे नव्हे. ते एका मेलेल्या वस्तूविषयीचे आहे.

आपल्या महाकाव्यांनी हा धागा फार आधी पकडला होता. तेथील शिकारीच्या कथांत बाण चुकत नाहीत, आणि अनर्थ नेमका त्यामुळेच होतो. दशरथ शब्दवेधी होता. अंधारात पाण्यात बुडणाऱ्या घड्याचा आवाज त्याने ऐकला आणि बाण अगदी तेथेच गेला जेथे जायला हवा होता. तेथे हत्ती नव्हता, एवढेच. जरा नावाच्या व्याधाचा बाणही श्रीकृष्णाच्या तळपायाला बरोबर लागला. पांडूची कथा याहून बारीक आहे. हरिणाच्या रूपात असलेल्या किंदम ऋषीची तक्रार हरीण मारल्याची नव्हती. कोणत्या क्षणी मारले, ही होती. पांडू राजांच्या मृगयाधर्माचे दाखले देतो, अगस्त्याचे नाव घेतो. ऋषी त्यातले बरेचसे मान्यही करतो आणि शाप मात्र मागे घेत नाही. बाण कोठे लागावा हे शस्त्रविद्या शिकवते. समोर कोण आहे आणि आता तो काय करतो आहे, हे ती शिकवू शकत नाही. पक्ष्याचा केवळ डोळा दिसणाऱ्या अर्जुनाचे आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुक करतो. तो पक्षी लाकडी होता हे सहसा कोणी सांगत नाही. याउलट एकलव्याने भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण मारले ते त्याला गप्प करण्यापुरते. नेमबाजीचा एवढा सौम्य उपयोग महाभारतात दुसरा शोधून सापडणे कठीण, आणि अंगठा गेला तो त्याचाच.

मराठीत 'नेम' हा शब्द लक्ष्य साधण्यालाही वापरतात आणि व्रतालाही. एकादशीचा नेम, नदीवर जाण्याचा नेम. दुसऱ्या अर्थाच्या नेमात मुख्य भाग काय करायचे नाही याचा असतो. शिकाऱ्याचा नेमही बहुधा तेथेच पारखला जातो: अंतर जास्त आहे, मध्ये फांदी आहे, उजेड मावळतो आहे, तेव्हा चापावरचे बोट काढून घेण्यात. न सोडलेल्या बाणाची नोंद कोठेही होत नाही, त्यामुळे या कौशल्याची कीर्तीही होत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीचा छंद संपवला. फासेपारध्यांसारख्यांची उपजीविकाही त्याच वेळी बेकायदा ठरली. ज्यांना जनावराच्या हातभर जवळ जाऊन फास लावावा लागे आणि ज्यांना चारशे पावलांवरून रायफल झाडता येई, त्यांना कायद्याने एकाच ओळीत बसवले. तो वेगळा आणि दुखरा विषय आहे. परंतु नेमाचा प्रश्न कायद्याने मिटला नाही. तो वनखात्याच्या हाती गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंगळुरूच्या पूर्वेकडील एका शाळेच्या आवारात बिबट्या शिरला, तो भुलीचा बाण मारून पकडेपर्यंत माणसे जखमी झाली. नोव्हेंबर २०२३ च्या आरंभी शहराच्या दक्षिणेस कुडलू गेटजवळ सापडलेला बिबट्या पकडण्याच्या मोहिमेतच गोळी लागून मेला.

भुलीच्या बाणालाही अचूक शस्त्र लागते. तो मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसात बसावा लागतो, आणि औषधाची मात्रा ठरवताना जनावराचे वजन नजरेनेच तोलावे लागते. एवढे सगळे साधल्यावरही औषध अंगात भिनायला काही मिनिटे जातात. त्या मिनिटांत बिबट्या जागा असतो, भेदरलेला असतो, भिंतीवरून उडी मारतो, जिन्याखाली दडतो. ज्याने बाण मारला तो पशुवैद्य तेथेच उभा असतो, घड्याळाकडे आणि त्या जिन्याकडे आळीपाळीने पाहत. त्याच्यामागे भिंतीवर आणि गच्चीवर गर्दी जमलेली असते, आणि तिला मागे हटवण्याचे काम कोणा तरी पोलिसाकडे असते.