अडीच ग्रॅम

सातारा-कराड पट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावी अण्णांची बेकरी होती. पाटीवर नाव अण्णांचं, पण भट्टीवर राज्य चाचांचं. संध्याकाळी मैदा मळायचा, ओल्या फडक्याखाली रात्रभर आंबू द्यायचा आणि पहाटे लाद्या भट्टीत सरकवायच्या, हा त्यांचा शिरस्ता. लादी बाहेर आली की मधला एक पाव तोडून ते नाकाशी नेत. पाव अंगाने जरा लहानच असे, पण दुसऱ्या दिवशीही चहात बुडवला तर विरघळून जात नसे.

मग शेजारच्या शहरातून टेम्पोने पाव येऊ लागला. दीडपट फुगलेला, पांढराशुभ्र. वडापाववाल्यांना हेच हवं होतं; पाव मोठा दिसला की वडा लहान झालेला कुणाच्या लक्षात येत नाही. अण्णांचा गल्ला निम्म्यावर आला. मुलगा बी.कॉम. होऊन नुकताच धंद्यात बसायला लागला होता. त्याने चार ठिकाणी चौकशी केली आणि एका विक्रेत्याकडून पांढऱ्या पावडरीचा डबा आणला. डब्यावर लिहिलं होतं, पोटॅशियम ब्रोमेट.

"चोरून नाही चाचा, कायद्यात बसतं," मुलगा म्हणाला. "मैद्याच्या दहा लाख भागांना पन्नास भाग. सरकारचीच मुभा आहे."

"म्हणजे पोत्याला किती?"

मुलाने मोबाइलवर हिशोब केला. पन्नास किलोच्या पोत्याला अडीच ग्रॅम.

बेकरीच्या तराजूतलं सगळ्यात लहान वजन पन्नास ग्रॅमचं होतं. अडीच ग्रॅम तोलायला सोनाराकडे जावं लागलं असतं, आणि पहाटे तीनला सोनार दुकान उघडत नाही. पहिले काही दिवस पावडर चिमटीने पडली. मग चहाचा चमचा आला. थंडीत पीठ वर येईना, तेव्हा तोच चमचा शीग लावून भरला गेला. दिल्लीत कुणी तज्ज्ञांनी बसून ठरवलेली मर्यादा अशी आमच्या चाचांच्या चमच्यात येऊन सांडली. कुणीही कायदा मोडायला निघालं नव्हतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पाव मात्र फुगला. ब्रोमेट पिठातल्या चिकाला ताठ करतं, त्यामुळे खमिराची हवा आत धरून राहते. रात्रभराचं काम दोन तासांत उरकू लागलं. गल्ला भरला, अण्णा खूश झाले. चाचांनी एकदाच विचारलं.

"पोरा, ही पावडर भट्टीत जाते कुठं?"

"भाजताना तिचं ब्रोमाइड होतं. मग काही धोका नसतो."

"कुठल्या खेपेला?"

मुलाला प्रश्न कळला नाही. चाचांनी भट्टीच्या तोंडाकडे हात केला. पहिल्या खेपेला विस्तव रसरसलेला असतो. पाचव्या खेपेपर्यंत भट्टी उतरते, वर लाकूड वाचवायचं असतं, आणि गिऱ्हाइकाला पांढरा पाव हवा म्हणून लादी लालसर व्हायच्या आतच ओढायची असते. "पहिल्या खेपेचं जळत असेल. शेवटच्या खेपेचं?"

मुलाने विक्रेत्याला फोन केला. उत्तर आलं, "सगळेच वापरतात हो."

चाचांचा प्रश्न अडाणी नव्हता. पुरेसं न भाजलं किंवा प्रमाण वाढलं तर ब्रोमेट पावात शिल्लक राहतं, हेच शास्त्रज्ञही सांगत होते. १९८०च्या दशकात जपानमध्ये ते पाण्यातून दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी झाल्या. ब्रिटनने १९९०मध्ये आणि कॅनडाने १९९४मध्ये त्यावर बंदी घातली. १९९९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला' पदार्थ ठरवलं. शक्यता, सिद्धता नव्हे. या फटीतून बरीच वर्षं निघून गेली. अमेरिकेच्या केंद्रीय खात्याने १९९१पासून बेकरीवाल्यांना ते आपणहून सोडण्याची विनंती केली, आणि विनंतीला जेवढं वजन असतं तेवढंच तिला मिळालं. कॅलिफोर्नियाने कायदा केला तो २०२३मध्ये, तोही २०२७पासून लागू होणारा.

आपल्याकडे मे २०१६मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ब्रेड, पाव, बनचे ३८ नमुने तपासले. त्यातल्या ३२ नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला आणि जून महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने परवानगीच्या यादीतून ब्रोमेट काढून टाकलं.

बातमी बेकरीत आली तेव्हा डब्यात अर्धा किलो पावडर शिल्लक होती.

"संपवू आणि बंद करू," अण्णा म्हणाले. "पैसे मोजलेत."

मुलगा पेपर हातात घेऊन उभा होता. "इतकी वर्षं चालत होतं, ते आज एकदम विष कसं झालं?"

"आज काही नाही झालं, पोरा. पाव कालही हाच होता," चाचा म्हणाले. "शेवटच्या खेपेतला पाव मी घरी नेत नव्हतो."

"आणि लोकांना विकत होतात?"

"विकत तुम्ही होता. मी भाजत होतो."

हे उत्तर चाचांना स्वतःलाच पटलं नसावं, कारण त्या दिवशी त्यांनी भट्टी वेळेआधी विझवली आणि संध्याकाळी कुणी न सांगता मैदा मळायला घेतला. डबा विक्रेत्याकडे परत गेला, पैसे बुडाले. पाव पुन्हा लहान झाला. दोन वडापाववाले तुटले, बाकीचे कुरकुरत राहिले. मुलाने अर्ध्या ग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, तेव्हा अण्णा म्हणाले, आता तोलायला आहे काय?

महिन्याभराने तोच विक्रेता आला. नवं पाकीट, वर छापलेलं 'ब्रेड इम्प्रूव्हर'.

"यात काय आहे?" मुलाने विचारलं.

"बंदी असलेलं काही नाही, शेठ."

"ते नव्हे. आहे काय ते सांगा. क जीवनसत्त्व असेल तर तसं बिलावर लिहून द्या, आत्ता दहा पाकिटं घेतो. आणि पोत्याला किती ग्रॅम तेही लिहा. काटा आहे आमच्याकडे."

विक्रेता हसला. "एवढ्या चौकशा करत बसलात तर धंदा कधी करणार?" पाकीट पिशवीत टाकून तो टेम्पोत बसला. त्या रस्त्यावर कराडपर्यंत आणखी बऱ्याच बेकऱ्या होत्या, आणि दुपारपर्यंत त्याची पिशवी रिकामी झाली.