ठरवायचं तुलाच आहे

चि. मुग्धास,


तुझं पत्र पोचलं. बंगळूरच्या नोकरीला होकार द्यावा की आजारी आईजवळ सोलापुरातच राहावं, हा पेच खराच अवघड आहे. पण मला जास्त काळजी वाटली ती पत्रातल्या शेवटच्या ओळींची. देवाला पुढचं सगळं आधीच ठाऊक आहे, मग मी डोकं कशाला शिणवू, असं तू लिहिलं आहेस. आधी त्याबद्दलच लिहिते.

हा प्रश्न फार जुना आहे. सहाव्या शतकात रोमन तत्त्वज्ञ बोएथियस कैदेत होता आणि पुढे त्याला ठार मारण्यात आलं. त्या कैदेत त्यानं याच प्रश्नावर लिहिलं. माणूस चालताना आपल्याला दिसतो, पण आपण पाहतो म्हणून काही तो चालत नाही. ईश्वर काळाच्या पलीकडे आहे, आपलं काल, आज, उद्या त्याला एकदमच दिसतं. त्याचं पाहणं आपल्यावर सक्ती करत नाही.

यानं सगळ्यांचं समाधान झालं नाही. देवाचं ज्ञान कधीच चुकत नसेल, तर मला वेगळं वागता येईल का, ही शंका उरतेच. म्हणून 1994 साली ‘द ओपननेस ऑफ गॉड’ या पुस्तकात काही ख्रिस्ती विचारवंतांनी दुसरी वाट धरली. माणसानं अजून जे ठरवलंच नाही, ते ठरलेलं म्हणून कोण जाणणार? देव शक्यता शक्यता म्हणूनच जाणतो, आणि त्यामुळे त्याचं सर्वज्ञपण उणं होत नाही. मला स्वतःला हे जवळचं वाटतं.

आता आपल्या गीतेकडे ये. अकराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की हे योद्धे मी आधीच मारले आहेत, तू केवळ निमित्त हो. अठराव्यात तर म्हणतात, नाही म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला लढायला लावील. इतकं बांधून टाकणारं बोलल्यावर, अवघ्या तीन श्लोकांनंतर तेच सांगतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. ज्यानं शेवट दाखवला, त्यानंच निर्णय अर्जुनाच्या हाती ठेवला. मुग्धा, देवाला काय ठाऊक आहे याचा वाद कसाही सुटो, ज्याला सगळं ठाऊक आहे त्यानंही माणसाचं ठरवणं स्वतःकडे घेतलं नाही, हे विसरू नकोस.

ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यही म्हणतात की ईश्वर जीवाकडून कर्म करवतो ते जीवाच्या प्रयत्नाकडे पाहून. तसं नसतं तर शास्त्रातले विधिनिषेध व्यर्थ ठरले असते. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक आख्खं प्रकरण लिहिलं. ते घरी आहे, सवडीनं वाच.

तेव्हा एवढं कर. आईशी मोकळेपणानं बोल. तिला काय हवं आहे ते आपणच गृहीत धरू नकोस. डॉक्टरांना पुढच्या वर्षाचा अंदाज विचार. बंगळूरच्या लोकांकडे रुजू होण्यासाठी मुदत माग. मग दोन्ही बाजूंची कारणं कागदावर लिही आणि तुझं तू ठरव. प्रार्थना जरूर कर, पण ती बळ मिळावं म्हणून, उत्तर टाळता यावं म्हणून नको. जे ठरवशील ते उद्या नशिबावर ढकलू नकोस. आणि आईचं दुखणं वाढलं, तर तिच्यासमोर ‘देवानंच लिहिलं होतं’ असं कधी म्हणू नकोस. अशा वेळी देवाचं नाव आपल्या कर्तव्याच्या आड येऊ देऊ नये.

तू काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या पाठीशी आहे. होकार असो की नकार, तो तुझा असू दे.

तुझी,
आत्या