भुस्सा कुणाच्या नाकात?

झाडापासून आलेली वस्तू वाईट कशी असेल, असं आपल्याकडं बहुतेक सगळे धरूनच चालतात. औषधाच्या फवारणीला लोक नाक मुरडतील, पण दिवसभर भुश्शात बसलेल्या सुताराची काळजी कुणाला वाटत नाही. ‘लाकूडच हाय, इख थोडंच हाय?’ हे मी खुद्द सुतारांच्याच तोंडून जास्त ऐकलंय. त्यांना तरी हे पटायला नको. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की माणूस उततो, हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सागाला वाळवी सहसा लागत नाही म्हणून आपण त्याला जादा पैसे मोजतो. का लागत नाही? झाडानं स्वतःच्या राखणीसाठी गाभ्यात काहीबाही साठवलेलं असतं म्हणून. मग जे वाळवीला सोसत नाही ते आपल्या नाकाला अमृत कसं होईल?

साग, शिसव यांच्या धुळीनं कुणाच्या अंगाला खाज सुटते, कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाला दमा जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तर १९९५ साली स्पष्टच नोंदवून ठेवलं की लाकडाच्या धुळीनं माणसाला नाकाचा कर्करोग होतो. विडी-सिगारेटचा धूर ज्या रांगेत, त्याच रांगेत ही धूळ. रांग एक म्हणजे पुरावा तेवढा पक्का, धोका तेवढाच मोठा असं नव्हे. पण पक्का आहे, हे काही थोडं नाही.

आता कुणी म्हणेल, आमच्या आजा-पणजानं जन्मभर वाकस चालवला, त्यांना काय झालं? काही जणांना झालंही असेल, त्या वेळी नाक तपासायला नेत होतं कोण? पण त्यात थोडं तथ्यही आहे. लहानपणी मी बघितलेला सुतार लिंबाच्या झाडाखाली उघड्यावर बसायचा. करवतीचा भुस्सा जाडा, तो पायाशीच पडायचा. रंध्यातून तर लांब लांब छिलके निघायचे, ते आम्ही पोरं चुलीसाठी गोळा करून न्यायचो. आज पत्र्याच्या शेडमध्ये मशीन फिरतं. घासायच्या मशीनची धूळ पिठापेक्षा बारीक. ती खाली बसतच नाही, तासन् तास हवेत तरंगते. जाडी धूळ नाकातल्या केसांत अडकते, बारीक सरळ छातीत उतरते. डोळ्यांना दिसते ती त्यातल्या त्यात बरी आणि दिसत नाही ती वाईट, असा उलटा प्रकार आहे. त्यात शेजारी बोंब मारतात म्हणून दार लावून घेतलेलं. संध्याकाळी कंप्रेसरच्या हवेनं अंग झटकायचं, म्हणजे खाली बसलेली धूळही पुन्हा वर.

आमच्याकडच्या मिस्त्रीला मी म्हटलं, “मिस्त्री, नाकाला काहीतरी बांध की.”

“रुमाल बांधतो की आण्णा कधीमधी.”

“रुमालातनं ही धूळ आरपार जाती. करोनात घालत होतास तसला घट्ट मास्क आण.”

“गुदमरतंय त्यात. अन् छाती माझी हाय, तुमाला कशापायी घोर?”

राग नव्हता त्याच्या बोलण्यात. पण प्रश्न खरा होता. स्वतःच्या जिवाचं काय करायचं ते ठरवायचा हक्क माणसाला आहे की नाही? मला वाटतं, आहे. पन्नाशीच्या माणसाला सगळं समजावून सांगितलं, तरी त्यानं नाही म्हटलं, तर त्याच्या मानगुटीवर बसायचा अधिकार मला नाही.

पण शेडमध्ये तो एकटा नव्हता. सतरा-अठरा वर्षांचं एक पोरगं पाटाला पॉलिश पेपर मारत होतं. भुवया, पापण्या पांढऱ्याधोट. त्याला विचारलं तर म्हणतं, “सवं झाली आता.” ही सवय फसवी असते. पुष्कळदा उलटंच होतं, चार-पाच वर्षं काही वाटत नाही आणि मग एक दिवस अंग धुळीला नको म्हणायला लागतं. त्यानंतर चिमूटभर धूळही पुरते. कर्करोगाला तर वीस-तीस वर्षंही लागतात. म्हणजे आज हे पोरगं ‘चालतंय’ म्हणतंय ते पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या कुणा बाप्याच्या वतीनं, आणि त्या बाप्याला अजून कुणी विचारलेलंच नाही. शिवाय मालकापुढं पोरगं नाही म्हणणार कसं? मिस्त्रीची छाती मिस्त्रीची, हे मान्य. पोराची छातीसुद्धा मिस्त्रीचीच, हे मला मान्य नाही.

आणि गिऱ्हाईक? बलुतं होतं तेव्हा सुताराला खळ्यावर धान्य मिळायचं. ती पद्धत फार चांगली होती असं मी म्हणणार नाही, बलुतेदाराला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागायचं. पण तो आजारी पडला की गावाचं तिफण-कुळव अडायचं, म्हणून का होईना गाव विचारपूस करायचं. आता आपण चौकटीचा भाव घासाघीस करून पाडतो आणि घरी येतो. पाडलेल्या भावातून पहिली कात्री कशाला लागते? मास्कला, धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राला. दाराला खिळे कमी मारले तर आपल्याला दिसतं. हे दिसत नाही.

म्हणून देव्हाऱ्याचं काम ठरलं तेव्हा मी मिस्त्रीला म्हटलं, धुळीचा खर्च वेगळा लाव, त्यात मी एक रुपया कमी करणार नाही. तो हसला. “आण्णा, असलं कोन लावत नाय.” तरी लावला. दोघांना चांगले मास्क आणि मशीनला जोडायची शोषणाची पिशवी. घासायचं काम शेडच्या बाहेर, वाऱ्याकडं पाठ करून करायचं ठरलं. हवा मारायची बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं. भाकरीआधी हात-तोंड धुवायचं, हे पोराच्या आईनं आधीच सांगितलेलं होतं म्हणे.

पुढच्या गिऱ्हाइकानं तो खर्च बघून विचारलं, “हे काय लावलंय?” मिस्त्रीनं तो काढून टाकला. पिशवी मात्र मशीनला आहे तशीच आहे, कारण दुकान साफ राहतं म्हणे. पोराचा मास्क हनुवटीवर असतो. मी गेलो की वर जातो.