बाळाच्या मात्रेचे घर

बाळगुटी उगाळताना घरातली जाणती बाई वेढे मोजते. सहाणेवर हळकुंडाचे दोन, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा. एखादा जास्त पडलाच तर ती सगळे पुसून टाकते आणि पुन्हा उगाळायला घेते. वस्तू तीच असली तरी बाळाची मात्रा वेगळी, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही आजीला शिकवावे लागत नाही. त्याच घरात बारशाच्या तयारीत नवे कार्पेट येते, तेव्हा मात्र कोणी काही मोजत नाही. अमरावतीच्या कठोरा रोडला किंवा अकोल्याच्या मलकापूर-खडकीकडे उभ्या राहिलेल्या नव्या लेआऊटमध्ये फुटावर कापून मिळणारी प्लास्टिकची मॅट, पाठीला रबर लावलेले कार्पेट आणि बाळासाठी रंगीत फोमचे तुकडे जोडून होणारी चटई हौसेने अंथरली जाते. दोन दिवस उग्र वास येतो आणि 'नव्याचा वास आहे, जाईल' म्हणून विषय संपतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, जमिनीवर काय अंथरायचे हे त्या जमिनीवर सर्वांत जास्त वेळ असणाऱ्या जिवाच्या मापाने ठरावे. विकत घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या नाकावर ते सोडू नये.

तो जीव म्हणजे रांगणारे बाळ, आणि त्याच्या शेजारी अंग मुडपून झोपलेली मांजर किंवा कुत्रा. मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो, तान्हे बाळ ३० ते ४० वेळा. त्याचे नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असते, तळहात दिवसभर जमिनीला घासतात आणि तेच हात तोंडात जातात. मांजर तर अंगावर बसलेली सगळी धूळ चाटूनच स्वच्छ होते. आता जमिनीवर काय आहे ते पाहू. पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. ते मऊ करण्यासाठी थॅलेट नावाची रसायने मिसळतात. ती प्लास्टिकशी पक्की बांधलेली नसतात, त्यामुळे वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर येतात आणि धुळीत बसतात. त्यांना वास नसतो, म्हणून वास गेला की धोका गेला हा आपला हिशेब इथे चुकतो. काही चिकटद्रव्यांतून आणि प्लायवूडमधून फॉर्मल्डिहाइड सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. खेळण्यांतल्या थॅलेटवर युरोपने २००५ साली ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. पण ते खेळणे ज्या मॅटवर पडते, तिच्या गुंडाळीवर आत काय आहे हे लिहिलेले सहसा सापडत नाही.

ही भीती हवेतली नाही. १९८७-८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयातच नवे कार्पेट घातले गेले आणि अनेक कर्मचाऱ्यांनी डोळे, घसा व श्वासाच्या तक्रारी केल्या. रबराच्या पाठीतून सुटणाऱ्या एका वायूवर संशय गेला. पुढे १९९२ मध्ये तिथल्या कार्पेट उद्योगाने वायू मोजून लेबल लावण्याची योजना आणली. स्वीडनमध्ये २००४ साली सुमारे ४०० मुलांच्या झोपायच्या खोल्यांतली धूळ तपासली गेली. ज्यांच्या धुळीत थॅलेट जास्त, त्या मुलांत दमा, इसब आणि नाक गळण्याचे प्रमाण जास्त आढळले. २००७ मध्ये अमेरिकेत २३ पाळीव मांजरांच्या रक्तात आग रोखणारी रसायने माणसांच्या कितीतरी पट सापडली. ही रसायने फोम आणि गाद्यागिरद्यांतून धुळीत उतरतात, आणि मांजरांच्या थायरॉइडच्या आजाराशी त्यांचा संबंध असावा अशी शंका पुढे आली. २०१० च्या अखेरीस बेल्जियमने फॉर्मामाइड या द्रव्यामुळे फोमच्या जोडचटया बाजारातून काढायला लावल्या.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. यातले पूर्ण सिद्ध काय झाले? वॉशिंग्टनमध्ये कोणत्याही एका रसायनावर बोट ठेवता आले नाही. कार्पेटवरची हवा उंदरांना हुंगवून केलेले एका प्रयोगशाळेचे प्रयोग सरकारी शास्त्रज्ञांना तसेच करून दाखवता आले नाहीत. स्वीडनचा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, आणि २३ मांजरे म्हणजे फार लहान नमुना. हे सगळे मान्य. पण संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, हा प्रश्न विज्ञानाइतकाच नीतीचाही आहे. न्यायालयात तो आरोपीला मिळतो, कारण तिथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. रसायनाला असे कोणते स्वातंत्र्य आहे? इथे पणाला लागले आहे ते बाळाचे फुप्फुस, आणि त्याला 'मला हे नको' म्हणता येत नाही. विष मात्रेत असते, असे म्हणणाऱ्यांनी मग मात्रा तरी बाळाची धरावी. आजी वेढा पुसून टाकते तेव्हा तिच्याकडे कुठे प्रयोगशाळेचा दाखला असतो?

दुसरा आक्षेप असा की, ही थंड देशांतल्या बंद घरांची दुखणी. आपली घरे हवेशीर. वऱ्हाडातला मे महिना मात्र वेगळे सांगतो. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा सकाळी दहा-अकरालाच दारे लागतात, पडदे ओढले जातात. कूलरला निदान बाहेरची हवा ओढावी लागते. एसीच्या खोलीत तीच हवा फिरत राहते. उष्णता वाढली की मॅटमधून रसायने सुटण्याचा वेगही वाढतो. म्हणजे ज्या दिवसांत आपण बाळाला दिवसभर आत ठेवतो, नेमक्या त्याच दिवसांत जमीन जास्त सोडते.

'नीट वापरले तर काही होत नाही' हा तिसरा युक्तिवाद, आणि त्याची किंमत या विभागाला चांगली ठाऊक आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडोंना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल करावे लागले. तेव्हाही मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, असे म्हणून बोट मजुराकडेच दाखवले गेले. माणसाच्या उंचीच्या ओल्या कपाशीत, उकाड्यात, अंगावर प्लास्टिक चढवून दिवसभर कोण फवारू शकतो, हे मोजपट्टी ठरवणाऱ्यांनी विचारले नव्हते. सुरक्षिततेचे माप कल्पनेतल्या माणसाचे असले की खरा माणूस त्याखाली चिरडला जातो. धडधाकट मजुराचे हे झाले, तर रांगणाऱ्या बाळाने कोणता मास्क लावायचा? शिवाय फवारणीचे कपडे आणि पंप ज्या ओसरीत येऊन पडतात, त्याच ओसरीत गावातले बाळ रांगते आणि कुत्रे झोपते. शहरातली मॅट आणि खेड्यातला पंप यांचा न्याय एकाच मापाने व्हायला हवा.

यावर शेणाने सारवलेली भुई परत आणा, असे मी म्हणणार नाही. त्या भुईत पिसवा होत्या, जंत होते, आणि सारवण्याचा सगळा भार बायकांच्या कमरेवर होता. महागडी 'शुद्ध' वस्तू घ्या, असेही सांगणार नाही. गरिबाला ते परवडणार नाही आणि लेबलावर भरवसाही ठेवता येत नाही. पण आपण कापसाच्या मुलखात राहतो. अकोटच्या सतरंज्यांचे एकेकाळी नाव होते. जुन्या लुगड्यांची गोधडी आजही घराघरांत आहे. ती धुता येते, उन्हात वाळवता येते आणि बाळाच्या तोंडात तिचा कोपरा गेला तरी जीव धसकत नाही.

म्हणून घरात बाळ येणार असेल तर नवे कार्पेट, नवा रंग आणि नवे फर्निचर यांची कामे दोन-तीन महिने आधी उरका, किंवा पुढे ढकला. मॅट आणलीच तर आधी गच्चीवर सावलीत उलगडून निदान आठवडाभर वाऱ्याला ठेवा. कोरड्या झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा आणि बाळाचे हात वरचेवर धुवा. फवारणीचे कपडे बाहेरच काढा, वेगळे धुवा. दुकानदाराला 'यात काय आहे?' असे विचारा. त्याला सांगता आले नाही तरी विचारा, कारण विचारणारे वाढल्याशिवाय कारखानदार लिहिणार नाही आणि सरकार लिहायला लावणार नाही. आणि तोवर बाळाला सुती सतरंजीवर ठेवा.